श्रद्धांजलीच्या त्या एका ओळीत नावे हवीत

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुटीत आणि पुन्हा मे महिन्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांच्या बातम्या नेमाने येतात. दहावीची अमुक सालची तुकडी पंचवीस, तीस किंवा चाळीस वर्षांनी एकत्र आली, गुरुजनांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, शाळेला संगणक किंवा पाण्याची टाकी भेट दिली, असा त्यांचा मजकूर असतो. प्रास्ताविक कोणी केले, सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले, हे नावानिशी छापलेले असते. कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी ज्यांनी परिश्रम घेतले त्यांच्या नावांना तर एक अख्खा परिच्छेद लागतो. याच बातमीत मध्ये कुठेतरी एक ओळ असते : ‘प्रारंभी दिवंगत शिक्षक व वर्गमित्रांना श्रद्धांजली वाहण्यात आली.’ शिक्षकांपैकी एखाद्याचे नाव कधीमधी दिसते, वर्गमित्राचे मात्र मला आजवर दिसलेले नाही. हे पत्र त्या ओळीविषयी आहे. ते नेहमीच्या वाचकपत्राहून लांब आहे, पण विषयाला तेवढी जागा लागते.

मी औसा येथील एका माध्यमिक शाळेतून मार्च १९७९ मध्ये दहावीची परीक्षा दिली. आमची तुकडी जून १९७३ मध्ये पाचवीत दाखल झाली, तेव्हा बहात्तरच्या दुष्काळाच्या खुणा घरोघर होत्या. कित्येकांचे आईवडील खडी फोडण्याच्या कामावर जाऊन आलेले होते आणि सुकडीची चव बहुतेकांच्या तोंडात होती. औसा तालुका तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये झाला. शाळेत गावातली मुले होती, तशी भोवतालच्या खेड्यांतली आणि पार किल्लारी पट्ट्यातलीही होती. लांबची मुले वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहत आणि त्यांच्या भाकरीचा डबा सकाळच्या एसटीने गावाकडून येई. आज आम्ही साठी ओलांडली आहे आणि आमच्यातले बरेच जण हयात नाहीत. ते नेमके कोण, एवढे ठामपणे सांगता यावे यासाठी आमच्या तुकडीला जे करावे लागले, ते इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमचेही मेळावे इतरांसारखेच होत. दीपप्रज्वलन, दोन मिनिटे स्तब्धता, मग सत्कार आणि भोजन. एका मेळाव्यात स्तब्धता संपून सगळे खाली बसत असताना आमच्या एका वर्गभगिनीने सरळ विचारले, ‘आपण आत्ता कुणाकुणासाठी उभे राहिलो होतो?’ व्यासपीठावरच्या कोणालाही चार-पाच नावांपलीकडे सांगता आले नाही. ती नावेही अशांची होती, जे आमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात होते आणि अलीकडच्या काळात वारले होते. त्यांच्या निधनाची बातमी गटावर आली होती, हात जोडल्याची चित्रे आली होती, दोन दिवस गट शांत होता. मोबाइल हातात येण्यापूर्वी जे गेले, ते गटाच्या लेखी आमच्या वर्गातलेच नव्हते.

याचे मूळ मोबाइलच्याही मागे जाते. त्या काळी बोर्डाचा निकाल वर्तमानपत्रात आसन क्रमांकांनी छापून येई. एसटी स्टँडवर पेपराचा गठ्ठा उतरला की बारीक टाइपातल्या त्या रांगांवरून बोट फिरवत आपला क्रमांक शोधायचा, आणि सापडला की घराकडे पळत सुटायचे. पुढे आयुष्यभर ‘आमची बॅच’ म्हणजे ज्यांचे क्रमांक त्या पानावर होते त्यांची बॅच, असा अर्थ नकळत रुजला. ज्यांचा क्रमांक नव्हता, जे आठवी-नववीतच थांबले, ज्या मुलींची लग्ने शाळा चालू असतानाच झाली, ते सगळे त्यातून गळाले. पाचवीला दाखल झालेल्या मुलांपैकी त्या दिवसांत किती जण सरळ दहावी पास होऊन बाहेर पडत, हे माझ्या वयाच्या मराठवाड्यातील वाचकांना सांगायला नको. म्हणजे आम्ही ज्यांना दिवंगत वर्गमित्र म्हणत होतो, ते पास झालेले, शहरात गेलेले, नोकरीला लागलेले आणि उशिरा वारलेले असे वर्गमित्र होते. बाकीच्यांसाठी आम्ही कधी उभेच राहिलो नव्हतो.

म्हणून आम्ही शाळेचे जनरल रजिस्टर पाहायचे ठरवले. प्रत्येक शाळेला हे रजिस्टर कायमचे जपून ठेवावे लागते आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. मुख्याध्यापकांनी आधी जरा आढेवेढे घेतले, ते मला रास्तच वाटले, कारण त्या रजिस्टरात जात असते, जन्मतारीख असते, आणि ते कुणाच्याही हाती द्यायचे दप्तर नाही. शेवटी असे ठरले की कार्यालयातील लिपिकांनी रजिस्टर स्वतःपुढे ठेवावे, फक्त नाव, गाव आणि शाळा सोडल्याची तारीख वाचून सांगावी आणि आम्ही लिहून घ्यावे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातल्या शाळांची जुनी दप्तरे कपाटांतून बाहेर निघाली होती, तेव्हा आमच्याही शाळेतली रजिस्टरे झटकून, नव्याने बांधून ठेवलेली होती, त्याचा आम्हाला फायदा झाला. रुंद पाने, निळ्या-काळ्या शाईतले वळणदार अक्षर, प्रत्येक ओळ डावीकडच्या पानावर सुरू होऊन उजवीकडच्या पानावर संपणारी. डाव्या टोकाला मुलाचे पूर्ण नाव, उजव्या टोकाला शेरा. कुणाच्या शेऱ्यात ‘दहावी उत्तीर्ण’, कुणाच्या ‘पालकांच्या विनंतीवरून’, कुणाच्या ‘सतत गैरहजर, सबब नाव कमी केले’. लिपिक नाव वाचत आणि आम्ही चौघे-पाच जण एकमेकांकडे पाहत असू. कितीतरी नावे अशी आली की ऐकताक्षणी त्या मुलाचा चेहरा, त्याचा बाक, त्याची पिशवी डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि तरीही मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या नावाचा उच्चार आमच्यापैकी कोणी केला नव्हता.

त्यातले एक नाव आठवीतच वारलेल्या मुलाचे होते. पावसाळ्यात रानात त्याला पान लागले, म्हणजे साप चावला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. आमच्या वर्गशिक्षकांनी त्या वर्षी त्याचा हजेरी क्रमांक दुसऱ्या कुणाला दिला नाही, आणि मधेच दाखल झालेल्या एका मुलाला त्यांनी शेवटचा क्रमांक दिला. रोज हजेरी घेताना सर त्या क्रमांकापाशी येऊन क्षणभर थांबत आणि मग पुढचा क्रमांक घेत. आम्हाला कोणी काही समजावून सांगितले नव्हते, तरी त्या थांबण्याचा अर्थ साऱ्या वर्गाला कळत होता. नववीत नवीन हजेरीपट आला आणि त्यात त्याचे नाव नव्हते. जनरल रजिस्टरात मात्र ते जिथल्या तिथे आहे.

आमच्या यादीतली सर्वांत मोठी जागा ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेने घेतली आहे. त्या भूकंपाविषयी आपल्या पानांतून दरवर्षी लिहिले जाते, त्यामुळे तपशील वाचकांना ठाऊक आहेत. चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक रात्री उशिरा झोपले होते, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. सरकारी हिशेबाप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली आणि बावन्न गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. आमची तुकडी तेव्हा तिशीत होती. किल्लारी, मंगरूळ, तळणी या बाजूंचे आमचे जे वर्गमित्र शेती किंवा नोकरी करून तिकडेच राहिले होते, आणि जे गणपतीसाठी मुद्दाम बायकामुलांना घेऊन गावी आले होते, त्यांतले काही त्या रात्री गेले. इतक्या मोठ्या आकड्यात एकेक माणूस हरवतो. किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी दर ३० सप्टेंबरला सगळ्यांना मिळून मानवंदना दिली जाते, ती योग्यच आहे, परंतु तिथे एखाद्याला तो अमक्या शाळेच्या अमक्या वर्गात आपल्या शेजारी बसत होता म्हणून आठवणारे कोणी नसते. ते काम वर्गमित्रांचे आहे.

त्यांच्यापैकी एकाचे अक्षर फार सुंदर होते. प्रार्थनेच्या आधी फळ्यावर दिनांक, वार, तिथी आणि सुविचार लिहिण्याचे काम पाचवीपासून दहावीपर्यंत त्याच्याकडेच होते. खडू संपत आला की तो तुकडा चिमटीत धरून लिही, तरी ओळ वाकडी जात नसे. पुढे तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला होता. भूकंपात तो, त्याची पत्नी आणि मुले गेली. आई तेवढी लेकीच्या बाळंतपणासाठी लेकीच्या गावी होती म्हणून वाचली. आम्ही काही जण त्या माउलींना भेटायला नव्या गावात गेलो. त्या आता खूप थकल्या आहेत आणि पुतण्याकडे राहतात. आम्ही मुलाचे वर्गमित्र आहोत हे नीट कळल्यावर त्यांनी आधी प्रत्येकाला त्याचे गाव विचारले, मग म्हणाल्या, ‘लेकराचं नाव लई दिसानं कानावर पडलं बगा.’ फळ्यावरच्या अक्षराची गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. त्या कधी शाळेत आल्या नव्हत्या, आणि मुलाने घरी कधी सांगितले नव्हते. त्यांनी ती आमच्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतली : खडू कोण द्यायचे, किती ओळी लिहायचा, गुरुजी काय म्हणायचे. मुलाची एकही वस्तू किंवा एकही फोटो ढिगाऱ्यातून मिळालेला नसलेल्या आईला एवढी एक गोष्ट आमच्याकडून मिळाली. दिवंगत वर्गमित्रांची नावे नुसती काढून काय होणार, असे विचारणाऱ्यांनी अशा एका घरी जाऊन यावे, असे मला मनापासून वाटते.

मुलांपेक्षा मुलींचा शोध फार अवघड गेला. शाळेच्या रजिस्टरात वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. लग्नात आडनाव बदलते, आमच्याकडे बऱ्याच घरांत पहिले नावही बदलत असे. त्यामुळे सासरच्या गावात माहेरच्या नावाने चौकशी केली तर कोणी ओळखत नाही. त्यातून या भागातल्या लेकी निलंगा, उमरगा इथे जशा दिलेल्या आहेत, तशा सीमेपलीकडे भालकी आणि बसवकल्याणकडेही दिलेल्या आहेत. माहेरी आईवडील उरलेले नसतात, भाऊ पुण्याला गेलेले असतात, घराला कुलूप असते. हा शोध आमच्या त्याच वर्गभगिनीने हाती घेतला, जिने तो पहिला प्रश्न विचारला होता. पंचमीला माहेरी आलेल्या लेकीबाळींना गाठून, गल्लीगल्लीत जुन्या शेजारणींकडे बसून तिने एकेक नाव मार्गी लावले. त्यातून जे कळले ते आम्हा पुरुषांना तोवर माहीत नव्हते. शाळेतून लग्नासाठी काढलेल्या मुलींपैकी एकीचा मृत्यू पहिल्याच बाळंतपणात झाला होता. ती वर्गात सगळ्यांत आधी गणित सोडवून पाटी पालथी ठेवत असे, हे तिच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या दोघींना पक्के आठवते. ती गेली तेव्हा आमची अजून बारावीही झालेली नव्हती. म्हणजे आम्ही महाविद्यालयाच्या निवडणुका लढवत होतो, नोकऱ्यांचे अर्ज भरत होतो, पहिले मेळावे भरवत होतो, तेव्हा तिला जाऊन वर्षे लोटली होती, आणि तिच्यासाठी आमच्या वर्गाने कधी एक क्षणही दिलेला नव्हता.

मृत्यूची तारीख शोधताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती इथे नमूद करतो. १९६९च्या जन्म व मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर एकवीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी खेड्यात घरी झालेल्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत सापडेलच असे नाही. ज्याच्या नावावर सातबारा होता, त्याच्या मृत्यूची तारीख मात्र बहुधा मिळते, कारण वारसांची नोंद लावण्यासाठी तलाठ्याकडे फेरफार झालेला असतो. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेला आणि तिकडेच वारला, ज्या बाईच्या नावावर घरही नव्हते, त्यांच्या जाण्याची तारीख कोणत्याही कागदावर मिळत नाही. घरच्यांना ती अशी आठवते : ‘आखाडीच्या पुढं’, ‘थोरल्याचं लगीन झालं त्या साली’. आमच्या यादीत आम्ही तेच शब्द तसेच लिहिले आहेत.

एका नावाविषयी मी जरा अधिक लिहितो, कारण त्याखेरीज आमच्या तुकडीची हकीकत पुरी होत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात ठिकठिकाणी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. आम्ही तेव्हा दहावीत होतो. खेड्यातून येणारा आमचा एक हुशार वर्गमित्र त्या पावसाळ्यानंतर शाळेत परत आला नाही. रजिस्टरात त्याच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा आहे. त्याचे कुटुंब जीव मुठीत धरून मुंबईला गेले, तो तिथे बांधकामावर लागला आणि पस्तिशीच्या आतच आजारपणात गेला, हे त्याच्या धाकट्या भावाकडून कळले. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, तो त्याने पाहिला की नाही, हे भावालाही नीट सांगता आले नाही. शाळेच्या दप्तरात त्याच्या शाळा सोडण्याचे खरे कारण कुठेही लिहिलेले नाही. मेळाव्यात त्याचे नाव वाचताना ते मोठ्याने सांगितले जावे, असा आग्रह आमच्या तुकडीतल्या अनेकांनी धरला आणि ते तसे सांगितले गेले.

शाळा का सुटली ते सांगावे. मृत्यू कशाने झाला ते मात्र सांगू नये, अशी माझी ठाम विनंती आहे. आमच्या यादीत नापिकीने आणि कर्जाने खचून स्वतःचा शेवट करून घेतलेले वर्गमित्र आहेत. असे नाव नसलेली तुकडी आज मराठवाड्यात क्वचितच सापडेल. त्यांच्यापैकी एकाचा मुलगा आम्हाला म्हणाला, ‘काका, बाबांचं नाव घ्या, फक्त ते कसे गेले ते बोलू नका; त्यांच्या बाकीच्या आयुष्याबद्दल आम्हाला कुणी विचारतच नाही.’ त्याच्या वडिलांविषयी आमच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. ज्वारी हुरड्यात आली की ते पिशवीभर कणसे घेऊन वसतिगृहातल्या मुलांसाठी येत, आणि औराद, निलंगा, तुळजापूर अशा सगळ्या एसटींच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या. मुलगा ते ऐकून हसला, आणि हे आपण प्रथमच ऐकतो आहोत असे म्हणाला. मेळावे भरवणाऱ्यांनी एवढे पथ्य जरूर पाळावे.

आणखी एक प्रश्न होता स्मरणाच्या रीतीचा. सुरुवातीला काहींनी प्रतिमापूजन सुचवले. परंतु फोटो मिळत होते ते बहुतेक सुस्थितीतल्या घरांचे. दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोची प्रत घ्यायला पैसे नव्हते म्हणून ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांची एकही प्रतिमा मिळाली नाही. शिवाय आमच्या वर्गात मराठा, लिंगायत, मुसलमान, बौद्ध, जैन, वडार, सगळ्या घरची मुले होती. कुणाकडे पितृपक्षात पान वाढतात, कुणाकडे समाधीला फुले वाहतात, कुणाकडे पुण्यानुमोदन होते, कुणी शब-ए-बरातला कब्रस्तानात जाऊन फातेहा देतात. ते ज्याचे त्याच्या घरी होत असते आणि व्हावे. वर्ग म्हणून एकत्र असताना सर्वांना सारखी लागू पडेल अशी एकच रीत आम्हाला माहीत होती, ती म्हणजे हजेरी. म्हणून आम्ही आमच्या हयात असलेल्या वर्गशिक्षकांना विनंती केली, आणि त्यांनी रजिस्टरातल्या क्रमाने सगळ्या वर्गाची हजेरी घेतली. जे समोर होते ते ‘हजर’ म्हणाले. जे हयात आहेत पण येऊ शकले नाहीत, त्यांच्याबद्दल त्यांच्या गावचा कोणी बोलला. दिवंगतांचे नाव आले की सर ते पूर्ण, वडिलांच्या नावासह आणि गावासह वाचत, आणि ज्याला त्याच्याविषयी काही आठवत असेल त्याने उठून एखाद-दोन वाक्यांत ते सांगावे, असे ठरले होते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत गेलेल्या आमच्या कबड्डीच्या कप्तानाचे नाव आले, तेव्हा त्याच्या दफनाच्या वेळी चार माणसेही जवळ जाऊ शकली नव्हती हे आठवून, सारा वर्ग आपणहून उभा राहिला. त्याच्या पत्नी आणि मुलगी मागच्या रांगेत बसलेल्या होत्या.

या सगळ्याला जेमतेम दीड तास लागला. मेळावा आनंदाचा असतो, त्यात दुःखाचा विषय इतका वेळ कशाला, असे म्हणणारे आमच्यातही होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर होते असे नाही. वर्षानुवर्षांनी भेटणाऱ्या माणसांना हसायचे, गप्पा मारायच्या असतात. परंतु त्या दिवशी हजेरीनंतरच्या गप्पा आधीच्या कोणत्याही मेळाव्यापेक्षा अधिक मोकळ्या झाल्या. ज्यांची नावे ऐकली त्यांच्याच खोड्या, त्यांचेच डबे, त्यांच्याच सायकली लोक रात्रीपर्यंत आठवत होते. जे दहावी नापास झाले म्हणून आजवर मेळाव्याला यायला संकोचत होते, ते यादी पाचवीपासूनची आहे हे कळल्यावर प्रथमच आले, आणि दिवंगतांपैकी कितीतरी जणांची माहिती आम्हाला त्यांच्याचकडून मिळाली, कारण खेड्यापाड्यांत त्यांचाच एकमेकांशी राबता राहिला होता.

आता आपल्याकडे विनंती. स्नेहमेळाव्याची बातमी छापताना दिवंगत वर्गमित्रांची नावे व गावे छापण्याचा प्रघात आपण पाडावा. बातमी पाठवणाऱ्या आयोजकांकडे आणि आपल्या तालुका वार्ताहरांकडे ती नावे मागावीत. जागेची अडचण मी समजू शकतो. सूत्रसंचालन आणि आभार यांची नावे कमी केली तरी चालतील, त्यात आमच्यापैकी कोणाला वाईट वाटणार नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय एकही नाव छापायला देऊ नये, हे आयोजकांनी पाहावे. आमच्या यादीतल्या काही घरांना अजून विचारून व्हायचे आहे, म्हणूनच या पत्रात मी कोणाचेही नाव दिलेले नाही.

दुसरी विनंती मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना आहे. एखादी तुकडी अशी यादी करायला आली तर तिला दारातून परत पाठवू नये. दप्तर हातात न देताही नाव आणि गाव वाचून सांगता येते, त्याला लिपिकाची एक दुपार पुरते. आणि रजिस्टरांना वाळवीपासून जपावे. मराठवाड्यातल्या कित्येक शाळांच्या खोल्या पावसाळ्यात गळतात आणि जुनी दप्तरे नेमकी त्याच खोल्यांत ठेवलेली असतात.

आमच्या तुकडीपुरते बोलायचे तर यादीतले तीन जण अजून सापडलेले नाहीत. एक मुलगा सातवीत असताना आईवडिलांसोबत साखर कारखान्याच्या टोळीबरोबर गेला तो परतला नाही. दोन सख्ख्या चुलत बहिणींची लग्ने एकाच मांडवात, आम्ही नववीत असताना उन्हाळ्यात झाली, आणि त्यांचे सासर बसवकल्याणच्या बाजूला होते एवढेच कळते. ती तिघे हयात असोत वा नसोत, त्यांच्याविषयी माहिती असलेल्या कोणी औसा येथे आमच्यापैकी कोणालाही सांगितली तर आम्ही आभारी राहू. येत्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पुन्हा भेटणार आहोत, आणि हजेरी त्या तिघांच्या नावांसह होईल.

आपला,
एक माजी विद्यार्थी (दहावी, मार्च १९७९)
औसा, जि. लातूर